संताच्या मागे बाणाची फट

गड-किल्ले फिरणाऱ्या माणसाला चर्च बघायला नेऊ नये, हे मी आता अनुभवाने सांगतो. माझा एक कॉलेजचा मित्र, सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेला, ऑफिसच्या कामासाठी इंग्लंडला आला होता आणि एक रविवार मोकळा सापडला म्हणून मी त्याला बरी सेंट एडमंड्सला घेऊन गेलो. सफकमधलं टुमदार गाव आहे, केंब्रिजहून ट्रेनने पाऊण तासात पोचतो, तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या एका जुन्या मठाचे, म्हणजे अ‍ॅबीचे अवशेष आहेत, बाग आहे, कॅथीड्रल आहे. प्लॅन एवढाच की फिरायचं, फोटो काढायचे, कॉफी प्यायची आणि संध्याकाळी परत. पण हा पठ्ठ्या अ‍ॅबीच्या गेटसमोरच अडकला. आधी लांबून बघितलं, मग कमानीखाली गेला, मान वर करून छताकडे बघत राहिला, परत बाहेर आला, समोर पार्क केलेल्या गाड्यांमधून मागे मागे जाऊन पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "अरे, हे देवळाचं महाद्वार नाहीये, हा गडाचा दरवाजा आहे. आणि मारा सगळा गावावर आहे. इथे शत्रू कोण होता?"

मी त्या गेटचे तोपर्यंत शंभर तरी फोटो काढले असतील. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तर तो दरवाजा कसा आहे ते आधी सांगतो, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. एंजल हिल नावाचं एक मोठं मोकळं मैदान आहे गावात, पूर्वी तिथे जत्रा भरायची, आणि त्या मैदानाकडे तोंड करून हा दोन मजली भरभक्कम दगडी ठोकळा उभा आहे. खाली एक मोठी कमान, बैलगाडी सहज आत जाईल एवढी. दर्शनी भाग नक्षीने गच्च भरलेला, कोनाडेच कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात एकेकाळी संतांचे नाहीतर राजांचे पुतळे असायचे. पुतळे आता गेलेत, कोनाडे रिकामे आहेत, आणि त्यामुळेच एक गोष्ट दिसते जी १४व्या शतकातल्या गावकऱ्याला खालून सहज दिसली नसती. कोनाड्यांच्या मागे भिंतीत उभ्या फटी आहेत, आपण किल्ल्यावर जंग्या म्हणतो तसल्या, फक्त बंदुकीऐवजी बाणासाठी. म्हणजे पुढे हात जोडायला संत आणि मागे तिरंदाज. कमानीत वरून खाली पडणाऱ्या लोखंडी जाळीच्या दरवाजाची, पोर्टकलिसची सोयसुद्धा आहे. मठाच्या दारात.

आता या शत्रूचं उत्तर शोधायला फार खोल जावं लागत नाही, पुस्तकांत सगळं आहे. हा मठ इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक. एडमंड नावाच्या राजाला डेन लोकांनी ८६९ मध्ये मारलं, तो संत झाला, त्याची समाधी इथे आली, १०२० मध्ये कनूट राजाच्या काळात इथे बेनेडिक्टाइन साधू बसवले गेले आणि मग यात्रेकरूंची रीघ, देणग्या, जमिनी. ११व्या शतकाच्या उत्तरार्धात बाल्डविन नावाच्या अ‍ॅबटने, म्हणजे मठाधिपतीने, मठासमोर चक्क नवीन गाव आखलं, सरळ रस्ते, काटकोनात चौक, आजही तसंच आहे ते. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत, नोंद आहे की आधी जिथे नांगर चालायचा तिथे आता ३४२ घरं उभी आहेत. म्हणजे गाव मठाचं, जमीन मठाची, बाजार मठाचा, जकात मठाची, न्यायनिवाडाही मठाचाच. अख्ख्या पश्चिम सफकमध्ये राजाच्या शेरीफऐवजी अ‍ॅबटचा कारभारी हुकूम चालवायचा. जमीनदार, मामलेदार, न्यायाधीश आणि गुरुमहाराज सगळे एकाच झग्यात.

गाव वाढलं, व्यापार वाढला, लोकांच्या हातात पैसा आला आणि त्यांनी मागितलं काय तर आमचा प्रमुख आम्ही निवडू, आमच्या व्यापाऱ्यांचं मंडळ आम्ही चालवू. आजच्या भाषेत नगरपालिका मागितली. मठ म्हणाला नाही. दुसऱ्या एडवर्डची गादी जानेवारी १३२७ मध्ये गेली, वर कोणी धनी उरला नाही अशी हवा झाली आणि त्याच महिन्यात गाव मठात घुसलं. अ‍ॅबटकडून हक्कांची सनद लिहून घेतली, त्याने ती नंतर नाकारली, पुन्हा दंगल, असं वर्षभर चाललं. त्या ऑक्टोबरमधला एक किस्सा सांगतात की काही मठवासी गावातल्या चर्चमध्ये गेले, अंगावरचे झगे काढले तर आत चिलखत, आणि त्यांनी लोकांना ओलीस धरलं. मग गाव पेटलं आणि गावाने मठ पेटवला. जुना दरवाजा या सगळ्यात गेला. पुढच्या वर्षी काही लोकांनी तर खुद्द अ‍ॅबटलाच पळवून समुद्रापार ब्राबांतमध्ये, आजच्या बेल्जियमकडे, नेऊन ठेवलं होतं, आता ही सगळी गोष्ट कोणी वेब सिरीजमध्ये दाखवली तर आपण म्हणू जरा अतीच होतंय.

त्यानंतर, १४व्या शतकाच्या मध्याला उभा राहिला तो हा दरवाजा. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर हे. शत्रू म्हणजे समोरचं गाव, स्वतःचीच कुळं, रविवारी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची तीच माणसं.

आता माझा मुद्दा. या असल्या मठांच्या गेटहाऊसबद्दल जे काही सांगितलं जातं, माहितीफलकांवर, ब्रोशरमध्ये, गाइडच्या तोंडून, रील्समध्ये तर विचारूच नका, त्यात भाषा सगळी सौंदर्याची असते. अप्रतिम कोरीवकाम, गॉथिक कमान, शांत परिसर, मध्ययुगीन भव्यता, पाहुण्यांचं स्वागत करणारं प्रवेशद्वार. दंगलीचा उल्लेख नसतो असं नाही, बऱ्याच ठिकाणी असतो, पण कसा, तर "१३२७ च्या दंगलीत नुकसान झाल्यावर पुनर्बांधणी". पुरात नुकसान झालं, वीज पडली, तसं. दंगल कशासाठी होती, कोणी केली, काय मागत होते हे एका वाक्यातही नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की ही नुसती राहून गेलेली तळटीप नाही, त्या इमारतीचा अर्थच तिथे आहे. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगितल्याशिवाय वास्तुकलेची माहिती पुरी होत नाही, आणि बांधणाऱ्याच्या मनात भीती होती. ती भीती दाराच्या बाहेर लिहिली पाहिजे, मोठ्या अक्षरात.

हे मी उगाच आग लावायची म्हणून म्हणत नाहीये. जरा विचार करा, त्या गावकऱ्यांचं मागे काय उरलं? लिहिता येत होतं मुख्यतः साधूंना, त्यामुळे दंगलीची बखर साधूंनी लिहिली, त्यात लोक म्हणजे माजलेले, कृतघ्न, सैतानाने झपाटलेले. लोकांची घरं लाकडाची न् कुडाची, ती गेली. त्यांची सनद रद्द झाली. त्यांच्या नावाचा दगड नाही. त्यांनी काही केलं होतं याचा दगडातला एकच पुरावा आहे आणि तो त्यांच्या विरोधकाने बांधलाय, बाणाच्या फटी ठेवून. इतकी जाड भिंत बांधावी लागली म्हणजे समोरच्यात दम होता. या दृष्टीने बघितलं तर तो दरवाजा जितका अ‍ॅबटचा आहे तितकाच त्या गावाचा आहे, पण अ‍ॅबटचं नाव आपण सांगतो आणि गावाचं गिळून टाकतो.

बरीमध्ये तर तुलना करायला दुसरा दरवाजा हाताशी आहे, दोन-तीन मिनिटं चाललं की येतो. नॉर्मन टॉवर म्हणतात. अ‍ॅन्सेल्म नावाच्या अ‍ॅबटच्या काळात, ११२० ते ११४८ च्या दरम्यान बांधलेला, म्हणजे दंगलीच्या दोनशे वर्षं आधीचा. चर्चगेट स्ट्रीटवरून चालत आलं की थेट समोर, रस्ताच जणू त्याच्या कमानीत ओतलाय, यात्रेकरूंनी सरळ आत यावं आणि संताच्या दर्शनाला जावं अशी रचना. वर एकावर एक कमानींचे मजले, शेजारच्या चर्चच्या घंटा त्यातच टांगलेल्या, अजून वाजतात. आता कोणी म्हणेल की तुलना बरोबर नाही, एक दरवाजा चर्चकडे जाणारा आणि दुसरा मठाच्या अंगणाकडे, जिथे कोठारं, कचेऱ्या, अ‍ॅबटचा वाडा. मान्य आहे, कामं वेगळी. पण दोन्ही दरवाजे एकाच भिंतीत आहेत, एकाच गावाकडे तोंड करून आहेत, आणि दोनशे वर्षांत त्या तोंडावरचा भाव बदललाय हे दिसायला आर्किटेक्ट असायची गरज नाही.

मठाच्या दाराबद्दल मठाचे स्वतःचे नियम काय म्हणतात तेही बघण्यासारखं आहे. बेनेडिक्टाइन साधू ज्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने चालतात ती ६व्या शतकातली, आणि तिचा ६६वा अध्याय खास दाराबद्दल आहे. दारावर एक शहाणा म्हातारा बसवा म्हणतो, ज्याला निरोप घेता-देता येतो आणि ज्याचं वय असं की तो उगाच इकडेतिकडे भटकणार नाही (हा भाग मला फार आवडतो, बेनेडिक्टला माणसं कळत होती). त्याची खोली दाराला लागून असू दे, म्हणजे आलेल्याला नेहमी कोणीतरी भेटेल. कोणी दार वाजवलं किंवा गरिबाने हाक मारली की त्याने आधी देवाचे आभार मानायचे आणि मग लगबगीने, प्रेमाने उत्तर द्यायचं. बस. एक म्हातारा, एक खोली, एक दार. आपल्याकडच्या वाड्याच्या देवडीत बसलेला एखादा जुना माणूस डोळ्यांसमोर आणा, फक्त हातात भाला नाही. जर्मनीत लॉर्श गावात ९व्या शतकातलं एक तोरणघर उभं आहे, लाल-पांढऱ्या दगडांच्या जाळीने सजवलेलं, तीन कमानी, आरपार मोकळं, १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत. नेमकं कशासाठी बांधलं यावर अजून वाद आहेत, पण एवढं नक्की की ते कोणाला अडवायला बांधलेलं नाही. तिथपासून बरीच्या फटींपर्यंत पाचशे वर्षांत काय झालं? मध्ये संपत्ती झाली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर कचेरी आली, कचेरीवर खजिना, खजिन्यापुढे लोखंडी जाळी.

आणि हे बरीपुरतं नाही. त्याच १३२७ साली अ‍ॅबिंग्डनला दंगल, सेंट ऑल्बन्सला मठाला वेढा. सेंट ऑल्बन्सची गोष्ट तर मराठी माणसाला सांगावीच लागेल कारण ती जात्याची गोष्ट आहे. हो, जातं, दळायचं. तिथे नियम असा की धान्य मठाच्या गिरणीतच दळायचं आणि दळणाचा वाटा मठाला द्यायचा, घरी जातं ठेवायचं नाही. लोक अर्थातच ठेवायचे. लपवून ठेवायचे, रात्री दळायचे असतील, मला माहीत नाही, पण हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं. १३२७ मध्ये लोकांनी जोर करून सनद मिळवली. मग रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड अ‍ॅबट झाला. हा माणूस साधासुधा नव्हे, लोहाराचा मुलगा, मोठा गणिती, त्याने बांधायला घेतलेलं खगोलीय घड्याळ त्या काळातलं आश्चर्य होतं, घड्याळांच्या इतिहासात त्याचं नाव फार मानाने घेतात. तर या हुशार माणसाने १३३१ च्या सुमारास गावातली जाती जप्त करून आणली आणि मठातल्या एका दालनाच्या जमिनीत फरशी म्हणून बसवली. म्हणजे नुसती जप्ती नाही, रोज त्यावरून चालायचं.

पन्नास वर्षं गेली. १३६०च्या दशकात तिथे नवं गेटहाऊस झालं, गारगोटीच्या दगडाच्या जाड भिंती, खाली घुमटी छताची वाट, वर दालनं, आत मठाचा तुरुंग. आणि जून १३८१ मध्ये इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉबच्या पुढारपणाखाली त्या नव्याकोऱ्या दाराशी आले. दाराने काही अडवलं नाही त्यांना. तुरुंग फोडला, कैदी सोडले, अ‍ॅबट थॉमस दे ला मेअरकडून सनद लिहून घेतली आणि मग ते त्या दालनात गेले आणि जमीन उखडली. जात्यांचे तुकडे केले आणि ते तुकडे वाटून घेतले, चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे, घरी न्यायला. हे कोणी लिहून ठेवलंय, तर थॉमस वॉल्सिंगहॅमने, त्याच मठातल्या साधूने, आणि तो लोकांच्या बाजूचा अजिबात नव्हता, त्याला ते सगळं घाणेरडं वाटत होतं. तरी प्रसादाची उपमा त्याला टाळता आली नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसलो होतो थोडा वेळ. बापाच्या पिढीत नेलेलं जातं, आणि मुलं-नातवंडं येऊन तुकडा घेऊन जातात, दळता तर येणारच नाही त्यावर काही.

शेवट काय झाला ते थोडक्यात. दुसरा रिचर्ड राजा स्वतः जुलैमध्ये तिथे आला, जॉन बॉल या बंडखोर पाद्र्याला १५ जुलैला सेंट ऑल्बन्समध्येच हालहाल करून मारलं, ग्रिंडकॉबला फाशी, सनद रद्द. बरीतही त्याच उठावात मठाच्या प्रायरचं, म्हणजे अ‍ॅबटच्या खालोखालच्या साधूचं, आणि देशाच्या मुख्य न्यायाधीशाचं, जॉन कॅव्हेंडिशचं डोकं उडवून बाजारात टांगलं होतं, हेही सांगायला हवं, लोक काही फुलं घेऊन आले नव्हते. नंतर सरसकट माफी जाहीर झाली त्यातून बरी गाव मुद्दाम वगळलं गेलं.

आता यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकलेत, त्यातले दोन खरंच विचार करण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यासकांचा. ते म्हणतात की हे चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते), फटी, जाळीदार दरवाजे हे सगळं मुख्यतः मिरवायला होतं. त्या काळात इमारतीला चर्या करायच्या तर राजाचं परवानापत्र घ्यायची पद्धत होती आणि ते मिळणं ही प्रतिष्ठा होती, आपल्याकडे पूर्वी गाडीवर लाल दिवा मिळायचा तसं. याचं ठळक उदाहरण म्हणजे लिंकनशरमधलं थॉर्नटन अ‍ॅबी. तिथलं गेटहाऊस इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, बरंचसं विटांचं, तेव्हा तिकडे विटा नवलाईच्याच, बाहेरच्या बाजूला खिडक्या नावाला आणि फटी भरपूर, आतल्या बाजूला मात्र छान मोठी खिडकी. परवाना १३८२ चा, म्हणजे उठावानंतर बरोब्बर एका वर्षाने, आणि बघितल्या बघितल्या वाटतं की चला, घाबरले आणि बांधलं. पण बांधकाम १३६०च्या दशकापासूनच चालू होतं, त्यामुळे तसं सरळ म्हणता येत नाही. ससेक्समधल्या बॅटल अ‍ॅबीच्या गेटला १३३८ मध्ये परवाना मिळाला तेव्हा तर समुद्रावरून फ्रेंच येतील ही खरीखुरी भीती होती. म्हणजे प्रत्येक फटीमागे दंगल शोधू नका, हे मला मान्य आहे, आणि मी स्वतः मित्राच्या त्या प्रश्नानंतर काही महिने सगळीकडे दंगलच बघत होतो हेही कबूल करतो.

पण मिरवणं आणि दरारा यांत फरक किती असतो हो? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीसाठी होते म्हणतात, पण ते रोज बघायची पुण्याची माणसंच ना? मिरवायचं असतं ते कोणापुढे तरी, आणि मठाच्या दारापुढे रोज उभी राहणारी माणसं म्हणजे खंड भरायला आलेली कुळं, जकात भरणारे व्यापारी, निवाड्याला आलेले गरीब. त्यांना ती फट दाखवायची होती. खरा बाण सुटला नाही तरी फटीने आपलं काम केलंच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतात मठ म्हणजे काय फक्त सावकार होते का, दानधर्म करत होते, आजाऱ्यांना ठेवून घेत होते, शिकवत होते, त्याच दाराशी गरिबांना भाकरी वाटली जायची. खरं आहे. थॉर्नटनमध्येच शेफिल्ड विद्यापीठाच्या लोकांनी उत्खनन केलं तेव्हा १४व्या शतकातल्या प्लेगची एक सामूहिक कबर सापडली, ४८ माणसं एका खड्ड्यात, निम्म्याहून जास्त मुलं. आजूबाजूच्या गावांतून, कोणी उरलं नसेल तेव्हा, मठाच्या आसऱ्याला आलेली असावीत. घाईत पुरली होती पण रांगेत, नीट, शेजारी शेजारी. हे करणारे साधू आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत ते अगडबंब गेटहाऊस बांधायला घेणारे साधू यांच्यात एखाद्या पिढीचंच अंतर. म्हणून मी असं म्हणत नाहीये की फलकावर साधूंना खलनायक करा. दोन्ही लिहा. त्या दाराने मेलेली पोरं आत घेतली हेही लिहा आणि त्याच दाराने कुळांना धाक घातला हेही लिहा, वाचणारा काही कुक्कुलं बाळ नाही. आत्ता होतं काय की दोन्ही काढून टाकलं जातं आणि उरते ती गॉथिक कमान.

"आजच्या चष्म्याने जुन्या काळाकडे बघू नका" हा जो तिसरा, नेहमीचा आक्षेप आहे त्याला मी फार वेळ देत नाही. तो चष्मा आजचा नाहीये. १३२७ मध्ये बरीच्या लोकांना तो जुना दरवाजा आवडत नव्हता म्हणून तर त्यांनी तो जाळला.

सॉमरसेटमध्ये क्लीव्ह अ‍ॅबी म्हणून सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा छोटा मठ आहे, तिथल्या गेटहाऊसवर लॅटिनमध्ये एक ओळ कोरलीय. अर्थ साधारण असा, दारा, उघडं राहा, कुठल्याही सज्जनाला बंद होऊ नकोस. शेवटचा अ‍ॅबट विल्यम डोव्हेल याच्या काळातली ओळ. फार गोड वाटते, फोटोला छान. पण त्यातला तो "सज्जन" शब्द बघा. सज्जन कोण हे दारावरचा माणूस ठरवणार, आणि घरात जातं लपवलेला माणूस काही त्याच्या यादीत बसणार नाही. आणि गंमत अशी की १५३६ मध्ये त्या दारातून जो आत आला तो राजाचा माणूस होता, कागदपत्रं घेऊन, एकदम सज्जन, आणि मठ बंद झाला. आठव्या हेन्रीने चार-पाच वर्षांत देशातले सगळे मठ बंद केले, सुमारे आठशे. छपरांचं शिसं वितळवून विकलं, घडीव दगड लोकांनी घरांना नेला. बरीच्या बागेत आज जे दगडी सुळके उभे दिसतात ते सोललेल्या भिंती आहेत, वरचा चांगला दगड गेलाय, आतली गारगोट्यांची भर उरलीय. बंडखोरांपुढे जे मठ दोनशे वर्षं तगले ते एका खात्याच्या फायलीपुढे टिकले नाहीत.

आणि वाचली काय, तर ठिकठिकाणी नेमकी गेटहाऊसंच वाचली. कारण उघड आहे, ती वापरता येत होती. जाड भिंती, वर खोल्या, खाली कुलूप लागणारी वाट. सेंट ऑल्बन्सचं गेटहाऊस पुढे शेकडो वर्षं तुरुंग होतं, १८६८ पर्यंत, आणि १८७१ मध्ये तिथे शाळा आली ती आजही आहे. बरीचं गेट आज सार्वजनिक बागेचं फाटक आहे, १८३१ मध्ये तिथे वनस्पती उद्यान केलं होतं, आता तिकीट नाही, बाबागाड्या आणि कुत्री घेऊन लोक त्या पोर्टकलिसखालून जातात. आणि गावाला हवी असलेली ती नगरपालिका? सेंट ऑल्बन्सला १५५३ मध्ये सनद मिळाली आणि गावाने मठाचं अख्खं चर्च ४०० पौंडांना विकत घेतलं. बरीला १६०६ मध्ये मिळाली. १३२७ मध्ये मागितलेली गोष्ट १६०६ मध्ये, हिशोब तुम्हीच करा, आपल्याकडे कोर्टाच्या तारखांना आपण उगाच नावं ठेवतो.

तर मला हवंय ते फार नाही. इमारतीला हात लावू नका, पुतळे परत बसवू नका, रिकामे कोनाडेच बरे आहेत, त्यातून फटी दिसतात. फलक बदला. त्यावर पहिल्या ओळीत शैलीचं नाव आणि दुसऱ्या ओळीत अ‍ॅबटचं नाव असतं त्याऐवजी पहिल्या ओळीत लिहा की हा दरवाजा या मैदानात राहणाऱ्या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी बांधला, त्यांनी आधीचा जाळला होता म्हणून, आणि ते अमुक गोष्ट मागत होते. बाणाच्या फटीकडे एक बाण काढा, म्हणजे खुणेचा बाण, लहान मुलांना लगेच कळतं. आणि शाळेच्या सहलींना आत नेण्याआधी दहा मिनिटं बाहेर मैदानात उभं करा, दाराकडे तोंड करून, गाइडने काही बोलू नये, पोरं आपोआप विचारतात की वर माणूस असेल तर आपण त्याला दिसतोय का.

सेंट ऑल्बन्सला मात्र फलकाने भागणार नाही. तिथे त्या कमानीखाली, जिथून शाळेची मुलं रोज जातात, एक जातं ठेवायला पाहिजे. काचेच्या पेटीत नको. खाली जमिनीवर, वरची तळी फुटलेली, आणि शेजारी दोनच आकडे, १३३१ आणि १३८१.